नवरात्रापूर्वी स्वतःच्या गाडीने मराठवाडा: कोणते रस्ते धरावेत, कोणते सोडावेत?

कृष्णाकाठ, मिरज

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-वडिलांना घेऊन मराठवाड्यात येण्याचा विचार आहे. दोघेही पंच्याहत्तरीच्या पुढचे आहेत आणि तुळजाभवानी, औंढा नागनाथ, परळी वैजनाथ व घृष्णेश्वर ही दर्शने एकाच प्रवासात व्हावीत, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. नांदेडचा गुरुद्वारा, पैठण आणि जमल्यास वेरूळ-अजिंठ्याची लेणीही पाहायची आहेत. गाडी लहान हॅचबॅक असून तिचा तळ जमिनीपासून फार उंच नाही. चालवणारा मी एकटाच आहे.

मनात आखलेला मार्ग असा: मिरजेहून सांगोला, मंगळवेढा करत सोलापूर, तेथून तुळजापूर, लातूर, नांदेड, औंढा, परभणी, परळी, बीड, पैठण आणि शेवटी छत्रपती संभाजीनगर. मोबाइलवरचा नकाशा मधूनमधून बरेच जवळचे रस्ते सुचवतो आहे. ते धरावेत का, पावसामुळे कुठे अडकण्याची शक्यता आहे, आणि मुक्काम कुठे केल्यास आई-वडिलांना त्रास कमी होईल, हे त्या भागात रोज वावरणाऱ्यांनी सांगितले तर फार उपकार होतील.

गेवराईकर

दादा, मार्ग चांगला आखला आहे. मात्र नकाशाने सुचवलेले जवळचे रस्ते या दिवसांत धरू नका. आमच्याकडे पावसाळ्यात वीस किलोमीटर वाचवणाऱ्या रस्त्यावर बहुधा एखादा ओढा असतो, त्यावर नळकांडी पूल असतो, आणि वरच्या शिवारात तासभर पाऊस झाला की तो पाण्याखाली जातो. नकाशाला हे कळत नाही. त्याला दिसते ते फक्त अंतर.

राष्ट्रीय महामार्गांचा आधार धरा. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाणारा 361 क्रमांकाचा महामार्ग तुमच्या पहिल्या टप्प्याला उपयोगी आहे. परतीच्या दिशेला बीड, गेवराई, शहागड, पाचोड असा धुळे-सोलापूर रस्ता आहे, त्याचा क्रमांक 52. तो चौपदरी असून त्यावरचे पूल उंच आहेत. शहागडला तुम्ही गोदावरी ओलांडाल. जायकवाडीचे दरवाजे उघडले की तेथे पात्र अगदी भरून वाहते, तेव्हा पाणी पाहण्यासाठी पुलावर गाड्या उभ्या केल्या जातात आणि मागून ट्रक भरधाव येत असतात. आपण तेथे थांबू नये.

बीड ते परळी हा टप्पा वडवणी, तेलगाव, सिरसाळा असा आहे. तुम्ही परळीहून बीडकडे येणार असल्याने तो सकाळी सुरू करा, म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत बीडला पोहोचाल.

निवृत्त अभियंता, लातूर

रस्ते बांधणीच्या कामात आयुष्य गेलेले असल्याने थोडे विस्ताराने लिहितो. आमच्याकडचा रस्ता का बिघडतो हे समजले, की चालवताना कुठे जपायचे ते आपोआप समजते.

मराठवाड्याचा बराचसा भाग बेसाल्ट खडकावर तयार झालेल्या काळ्या मातीचा आहे. या मातीत जी चिकणमाती असते, ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणाने. रस्त्याच्या मध्यभागी डांबराखाली झाकलेली माती वर्षभर साधारण सारखीच ओलसर राहते, पण कडेची माती दर पावसाळ्यात फुगते व दर उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे रस्त्याच्या कडेपासून थोड्या अंतरावर, रस्त्याला समांतर अशी लांबच लांब भेग पडते. तिच्यात पाणी शिरले की कड खचते, आणि मग साईडपट्टी व डांबर यांच्यामध्ये वीतभर खोल पायरी तयार होते. समोरून येणाऱ्या बसला वाट देण्यासाठी डावे चाक खाली उतरवले आणि त्याच वेगात स्टिअरिंग ओढून ते पुन्हा वर चढवण्याचा प्रयत्न केला, तर गाडी एकदम उजवीकडे फेकली जाते. चाक खाली उतरलेच, तर आधी वेग अगदी कमी करावा, गाडी सरळ ठेवावी आणि पायरी जेथे उथळ असेल तेथूनच हळू वर यावे.

दुसरा प्रकार लाटांचा. खड्डा एकही नाही, डांबर काळेभोर आणि तुकतुकीत दिसते, पण खालचा भराव कमीजास्त बसल्यामुळे रस्ता उंचसखल झालेला असतो. साठच्या वेगाला तो जाणवत नाही. ऐंशीच्या वेगाला मात्र सामानाने आणि माणसांनी भरलेल्या लहान गाडीचा तळ आपटतो आणि मागे बसलेल्या वृद्धांच्या कमरेला हिसका बसतो. आई-वडिलांना मागे बसवणार असाल, तर पुढची गाडी कशी हलते आहे याकडे लक्ष ठेवा. तिची मागची बाजू वरखाली होताना दिसली, की आपला पाय आधीच ब्रेकवर गेला पाहिजे.

हीच अडचण टाळण्यासाठी अलीकडे बरेच रस्ते सिमेंट काँक्रीटचे करण्यात आले. हा निर्णय योग्यच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण या मातीवर डांबराचा रस्ता टिकवायचा तर पाण्याचा निचरा आणि कडांची देखभाल दरवर्षी न चुकता करावी लागते आणि ती होत नाही. परंतु काम सुरू असताना अर्धा रस्ता नवा व उंच, तर अर्धा जुना व खाली, अशी स्थिती महिनोन्महिने राहते. वळण रस्त्यावर फक्त मुरूम टाकलेला असतो आणि पावसात त्याचा चिखल होतो. अशा ठिकाणी पुढच्या गाडीच्या चाकोरीतूनच जावे. कडेला सरकू नये, कारण ताज्या भरावावर वरून पाणी मुरलेले असते आणि चाक रुतते.

गतिरोधकांविषयीही एक सूचना आहे. पांढरे पट्टे पुसलेले असतात आणि फलक असेलच असे नाही. शाळा, बसथांबा, चहाच्या टपऱ्या किंवा मंदिराची कमान दिसली, की पुढे गतिरोधक आहे असे धरूनच चालावे.

वसमतच्या शिक्षिका

नांदेड, औंढा, परभणी या भागात माझी रोजची ये-जा असते, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहिते.

नांदेडहून वसमत आणि वसमतहून औंढा हा टप्पा सकाळच्या वेळी सुखाचा होतो. औंढ्याहून परभणीला जाताना जवळा बाजार, झिरो फाटा असे या. परभणी-गंगाखेड-परळी हा पट्टा मात्र भर काळ्या मातीचा आहे आणि वर काकांनी वर्णन केलेल्या लाटा तेथे पदोपदी भेटतात. परळी-गंगाखेड रस्ता बराच काळ प्रवाशांमध्ये बदनाम होता. तेथे किलोमीटरवरून वेळेचा अंदाज बांधू नका. नकाशा जेवढा वेळ दाखवेल त्याच्या निम्मा आणखी धरा, आणि गंगाखेडला गोदावरीच्या काठी विश्रांती घेऊन पुढे जा.

सप्टेंबरच्या अखेरीस सोयाबीनची काढणी सुरू होते, आणि हे बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. पावसाने उघडीप दिली की शेतकरी शेंगा वाळवायला आणि मळायला थेट रस्त्यावर पसरतात. त्यांचीही अडचण आहे, शेतात चिखल असतो आणि कोरडी जागा तेवढीच असते. परंतु सोयाबीनच्या दाण्यांवर ब्रेक दाबला तर चाक जागच्या जागी घसरते, विशेषतः दुचाकीचे. शिवाय काड गाडीखाली अडकून सायलेन्सरजवळ गुंडाळले जाते आणि तापलेल्या धातूला लागून पेट घेऊ शकते. असा ढीग ओलांडावा लागला, तर पुढे सुरक्षित जागी थांबून गाडीखाली वाकून पाहावे आणि काडाचा वास येत असेल तर ते काठीने काढून टाकावे. हाताने काढू नये, भाजते.

कृष्णाकाठ, मिरज

काका, ताई, गेवराईकर, मनःपूर्वक आभार. साईडपट्टीविषयी इतके नेमके कोणी सांगितले नव्हते. आणखी दोन शंका आहेत. उन्हाचा आणि गर्दीचा त्रास टाळण्यासाठी लातूर ते नांदेड हा टप्पा रात्री उरकावा असे वडिलांचे म्हणणे आहे, ते कितपत योग्य ठरेल? आणि पुलावरून पाणी जात असेल तर किती पाण्यापर्यंत गाडी घालता येते?

केजचा मालवाहतूकदार

रात्रीचा प्रवास करू नका, असे मी हात जोडून सांगतो. आम्ही रात्री गाड्या चालवतो, कारण तो आमचा धंदा आहे आणि आमच्या चालकांना प्रत्येक वळण पाठ आहे. ज्याला रस्ता नवा आहे आणि जो एकटाच चालवणार आहे, त्याने अंधार पडण्याच्या आत मुक्काम गाठावा.

पावसाळ्यात मोकाट जनावरे रात्री डांबरावर येऊन बसतात, कारण शेतात ओल आणि डास असतात, रस्ता मात्र कोरडा असतो. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर समोरच्या गाडीच्या झोतात अजिबात दिसत नाही. रोही (नीलगाई) आणि हरणे पिकातून एकदम उडी घेतात. एक हरीण गेले म्हणून वेग वाढवू नये, त्याच्या मागे आणखी असतात. बंद पडलेल्या ट्रकच्या मागे त्रिकोणी रिफ्लेक्टर लावण्याऐवजी दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवण्याची पद्धत अजून गेलेली नाही, आणि ट्रक निघून गेला तरी ते दगड तेथेच राहतात.

हा धागा पुढे हिवाळ्यात वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. गाळप हंगाम साधारण नोव्हेंबरपासून सुरू होतो. तेव्हा दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या टायरगाड्या कारखान्यांकडे जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर असतात. पुष्कळांना मागचा दिवा नसतो, आणि ऊस दोन्ही बाजूंनी ट्रॉलीच्या बाहेर आलेला असतो, म्हणजे दिवा असला तरी तो झाकला जातो. ओव्हरटेक करताना पहिली ट्रॉली संपली म्हणून आत येऊ नये, पुढे दुसरी असते आणि तिच्या पुढे ट्रॅक्टर. पूर्ण लांबी मोकळी दिसली तरच बाहेर पडावे. कारखान्यांनी प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ती फाटकाबाहेर सोडूच नये, ही मागणी आमच्यासारख्यांनी लावून धरली पाहिजे. दर हंगामात यात माणसे जातात आणि ज्यांची जातात ती बहुतेक दुचाकीवरची गरीब माणसे असतात.

टायरविषयीही सांगतो. निघण्यापूर्वी चारही टायर आणि स्टेपनीच्या बाजूवर कोरलेला चार आकडी क्रमांक वाचा. 2319 असे असेल, तर ते टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाले. नक्षी शिल्लक दिसली तरी रबर जुने झाले की ते कडक होते, आणि तापलेल्या काँक्रीटवर सलग धावताना असेच टायर फुटतात. हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासा. दाब किती ठेवायचा ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेले असते. गाडी भरलेली असेल तर त्यासाठी वेगळा आकडा असतो, तो धरा. दुपारी टायर तापल्यावर दाब वाढलेला दिसेल, तो वाढणारच. म्हणून त्यातली हवा सोडू नका.

भूमकर

पाण्याच्या शंकेचे उत्तर आमच्या तालुक्याने द्यावे, हे योग्यच आहे. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत भूम-परांडा भागात काय झाले, ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. सीना नदीला असा पूर आला, की सोलापूर-पुणे महामार्गसुद्धा काही काळ बंद ठेवावा लागला.

पुलावरून वाहते पाणी असेल तर गाडी घालायचीच नाही, हे माझे उत्तर आहे. गुडघ्याच्या खाली, म्हणजे साधारण 30 सेंटिमीटर वाहते पाणी लहान मोटार उचलून बाजूला नेऊ शकते, आणि 60 सेंटिमीटरला मोठी एसयूव्हीसुद्धा टिकत नाही. गाडी जड असते हे खरे, पण पाणी तिला खालून उचलते आणि चाकांची पकड सुटते. त्यानंतर स्टिअरिंग कितीही फिरवले तरी उपयोग होत नाही. समोरून ट्रॅक्टर सहज निघून गेला म्हणून आपणही जाऊ, हा विचार या भागात दरवर्षी कोणाचा तरी जीव घेतो.

पाणी उतरल्यानंतरची वेळही तितकीच धोक्याची असते. आमच्या गावाजवळच्या ओढ्यावर पूर ओसरला, तेव्हा वरचे डांबर अखंड दिसत होते. खाली उतरून पाहिले तर पुलाला लागून असलेला भराव वाहून गेला होता आणि डांबराचा थर नुसता अधांतरी राहिला होता. म्हणून नुकत्याच मोकळ्या झालेल्या पुलावर, आधी एखादे जड वाहन गेल्याशिवाय किंवा कोणी खाली उतरून पाहिल्याशिवाय जाऊ नये. गावातली माणसे थांबवत असतील, तर त्यांचे ऐकावे. त्यांना तो ओढा माहीत असतो.

मंगळवेढ्याहून सोलापूरला येताना बेगमपूरला भीमा आणि तिऱ्ह्याजवळ सीना ओलांडावी लागते. निघण्याच्या आदल्या रात्री उजनी धरणातून किती विसर्ग सुरू आहे आणि सीनेला पूर आहे का, या बातम्या पाहून घ्या. महामार्गावर गाडी बंद पडली किंवा रस्ता अडला तर 1033, रुग्णवाहिकेला 108 आणि इतर संकटात 112 हे क्रमांक आईंच्या फोनमध्येही टाकून ठेवा.

वेरूळचा मार्गदर्शक

शेवटच्या टप्प्याविषयी. पाचोडला महामार्ग सोडून पैठणला या आणि तेथून संभाजीनगर गाठा. पैठण-संभाजीनगर रस्त्याचे रुंदीकरण आणि त्याच्या कडेने शहराच्या पाणीपुरवठ्याची मोठी जलवाहिनी, अशी दोन्ही कामे गेली काही वर्षे चालली आहेत, त्यामुळे अंतर पन्नास किलोमीटरच असले तरी घाई धरू नका.

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. वार जुळवूनच मुक्काम ठरवा. संभाजीनगरहून वेरूळला जाताना दौलताबादजवळ जुन्या तटबंदीतला दरवाजा लागतो, त्यातून एका वेळी एकाच बाजूची वाहने जाऊ शकतात. सुटीच्या दिवशी तेथे मोठी रांग लागते, म्हणून सकाळी लवकर निघून आधी घृष्णेश्वराचे दर्शन घ्यावे आणि मग लेणी पाहावीत.

अजिंठ्याचा रस्ता फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव आणि मग घाट उतरून फर्दापूर असा साधारण शंभर किलोमीटरचा आहे. चौका घाट आणि अजिंठा घाट, दोन्ही ठिकाणी पावसात धुके उतरते, तेव्हा हॅझार्डचे दिवे लावून चालवण्यापेक्षा हेडलाइट खाली ठेवून वेग कमी करावा. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर एकदम लागले की मागच्याला आपण कुठे वळणार ते कळत नाही. फर्दापूर फाट्यावर गाडी ठेवून पुढे एसटीच्या बसने जावे लागते. लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत, आई-वडिलांसाठी डोलीची चौकशी तेथेच करा.

कोणी धुळे किंवा चाळीसगावकडून येत असेल, तर कन्नडच्या घाटाविषयी सावध राहावे. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस तेथे दरडी कोसळून वाहने अडकली होती. मुसळधार पावसात नांदगाव, शिऊर बंगला या बाजूने येणे लांबचे असले तरी श्रेयस्कर आहे. नागपूर किंवा मुंबईहून येणाऱ्यांना समृद्धी महामार्ग सोयीचा आहे. जून 2025 मध्ये त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. अजिंठ्याकडे जाण्यासाठी सावंगीला आणि वेरूळसाठी माळीवाड्याला उतरावे. मोटारीला ताशी 120 ची मर्यादा असली, तरी सरळ आणि एकसुरी रस्त्यावर डोळा लागतो, म्हणून दर दीड-दोन तासांनी थांबावे. कृष्णाकाठ, तुमच्या वाटेत समृद्धी येत नाही. परतीला तुम्ही बीडमार्गे सोलापूर हाच रस्ता धरा, असे मी सुचवेन.

कृष्णाकाठ, मिरज

सर्वांचे वाचून घरात बसून पुन्हा आखणी केली. रात्रीचा प्रवास रद्द केला, वडिलांनीही ते मान्य केले. मुक्काम तुळजापूर, नांदेड (दोन रात्री), परळी, संभाजीनगर (तीन रात्री) आणि परतीला धाराशिव असे ठरवले आहेत. नांदेडहून औंढा करून पुन्हा नांदेडलाच यायचे आणि दुसऱ्या दिवशी ताजेतवाने होऊन परभणी-गंगाखेड रस्त्याला लागायचे. टायरचे आकडे आजच पाहिले, पुढची दोन बदलून घेतो आहे. तुळजापूरला गर्दी कशी असेल, एवढे कोणी सांगावे.

तुळजापूरकर

नांदेडला दोन रात्री ठेवल्या हे उत्तम केले, कारण औंढा आणि परळी एका दिवसात करण्याच्या नादात लोक त्या रस्त्यावर अंधारात सापडतात.

तुम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येत असाल, तर नवरात्राची गर्दी नसेल. घटस्थापनेच्या आधी आठवडाभर देवीची मंचकी निद्रा असते आणि मूर्ती पलंगावर असते. दर्शन होते, परंतु सिंहासनावरची मूर्ती आईंना पाहायची असेल तर पंचांग पाहून त्याच्या आधी या. गाडी गावाबाहेरच्या वाहनतळावर लावून रिक्षाने मंदिराजवळ यावे. आतल्या गल्ल्यांमध्ये गाडी वळवायलाही जागा मिळत नाही.

तुमचा परतीचा दिवस लांबला, तर मात्र दोन गोष्टी ध्यानात असू द्या. घटस्थापनेच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत गावोगावची मुले येथून भवानी ज्योत पेटवून धावत आपल्या गावी नेतात. धाराशिव, सोलापूर, लातूर, तिन्ही रस्त्यांवर दिवसरात्र अनवाणी धावणारी मुले, त्यांच्या मागे टेम्पो आणि दुचाकी असे गट असतात. त्यांना हॉर्न वाजवून बाजूला काढू नये, वेग वीस-पंचवीसवर आणून उजवीकडून पुरेसे अंतर ठेवून जावे. आणि कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी येणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो, वाहनांसाठी तो बंद करून वाहतूक दुसरीकडून वळवतात. त्या दिवसांत परतणार असाल तर धाराशिवहून निघण्यापूर्वीच बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर असा मार्ग धरा. सोलापुरात यायची गरजच राहणार नाही, आणि पंढरपूरहून सांगोला करत मिरज सरळ आहे.